बसलेले चार जण : काकूंना आभाराचं पत्र

तीर्थस्वरूप काकू,
सा. न. वि. वि.

शनिवारी रात्री घरी आल्यावर तुमच्या लेकाने काय काय सांगितलं, मला माहीत नाही. तो फार सांगणाऱ्यातला नाही. म्हणून मीच लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. त्या रात्री आमच्या टेबलावर जे घडलं, ते तुमच्यामुळे घडलं.

तीन वर्षं दर शनिवारी तो आणि आणखी चौघं माझ्याकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला येतात. गोष्ट मी रचतो, ते पाच जण त्यातली पात्रं होतात, आणि पात्राला काय जमलं न् काय नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. या वेळी त्यांना यक्षांच्या जंगलातून पलीकडे जायचं होतं. तिथे शस्त्र उपसायला बंदी. यक्षांना खो-खोत हरवायचं, तरच पुलावरून वाट मिळणार. लढाईला लढाई नको, आपल्या मातीतला खेळ हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी हिशेबाने सुरुवात केली. आमच्या नकाशावरचा एक चौकोन पाच फुटांचा, एक फेरी सहा सेकंदांची. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद मैदान म्हणजे साधारण १८ बाय १० चौकोन. नऊ मिनिटांचा डाव म्हणजे ९० फेऱ्या. हिशेब बरोबर होता, खेळ मात्र मेला. एका फेरीत ४० फूट धावणारी भिक्षू (आमच्यातल्या एकीचं पात्र) एकटीच पळत राहिली आणि बाकीचे चौघं आपापल्या फोनमध्ये. चाचणी मी अर्ध्यात थांबवली. तुमच्या लेकाने जाता जाता सांगितलं, "आईला विचार. ती जिल्ह्याकडून खेळायची."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्वयंपाकघरातच बसवलंत. ओट्यावर आठ चमचे ओळीने मांडलेत, एकाचा दांडा खिडकीकडे, पुढच्याचा दाराकडे. दोन टोकांना दोन पेले म्हणजे खांब. लसणाची पाकळी म्हणजे पळणारा. त्याला पकडायला धावणारा तो मारणारा. मग विचारलंत, "मारणारा इथे आहे, पाकळी ओळीतून पलीकडे निसटली. आता?" मी म्हणालो, तोही पलीकडे जाईल. तुम्ही माझा हात धरून मागे घेतलात. मारणाऱ्याला मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांची ओळ, ओलांडता येत नाही. मागे वळता येत नाही. पलीकडे जायचं तर खांबाला वळसा, नाहीतर खो. ज्याची पाठ आपल्याकडे आहे त्याला खो द्यायचा, कारण त्याचं तोंड पळणाऱ्याकडे असतं.

शाळेत मी खो-खो खेळलोय, काकू, पण हे मला कधी दिसलंच नव्हतं. बसलेले लोक म्हणजे पाळी यायची वाट बघणारे, असंच मी धरून चाललो होतो. तुम्ही म्हणालात, "बसलेला सगळ्यात जास्त खेळतो. पळणारा मारणाऱ्याच्या खांद्याकडे बघतो, पण भितो बसलेल्यांना." माझं टेबल का झोपलं होतं, ते मला या एका वाक्यात कळलं. मराठीत कुणाच्या कामात 'खो घालणं' म्हणजे मोडता घालणं. तुम्ही मात्र दर वेळी 'खो देणं' म्हणालात, आणि म्हणताना आवाज वेगळाच लागत होता.

मग भराभर सगळं जुळत गेलं. माझ्याकडे पाचच खेळाडू, म्हणून तुम्ही चार चमचे उचलून ठेवलेत: चार बसलेले, एक मारणारा. "गल्लीत आम्ही अशाच खेळायचो," म्हणालात. ९० फेऱ्यांच्या नऊ केल्या, मिनिटाला एक. मारणारा आणि पळणारा दोघांनीही आपली पुढची चाल चिठ्ठीवर लिहून वाटीखाली झाकायची आणि वाट्या एकदम उघडायच्या, म्हणजे हूल देता येते. खो ज्याला मिळाला त्याचं तोंड पळणाऱ्याच्या बाजूला असेल, तर त्याने दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा.

जादूचं काय करायचं, हे मला अजिबात सुटत नव्हतं. आमच्या जादूगाराला जागच्या जागी नाहीसं होऊन ३० फुटांवर प्रकट होता येतं. तुम्हाला जादूगार माहीत नव्हता, पण तुम्ही विचारलंत, "तो पळतोय की मारतोय?" पळताना चालेल, कारण पळणाऱ्याला मोकळीक असतेच. मारताना नाही. मारणाऱ्यांकडे मोकळीक नसते, माणसं असतात. २०२२मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगमधला वझीर, ज्याला कुठल्याही दिशेला पळता येतं, तोही घेऊ का, असं मी विचारलं. तुम्हाला तो फारसा पटलेला दिसला नाही. मी नाही घेतला, आणि ते बरंच झालं.

एका गोष्टीवर तुम्ही अडूनच बसलात. खो मोठ्याने म्हणायचा आणि पाठीला हात लावायचा, टेबलावरसुद्धा. नुसतं तोंडाने म्हटलं तर फाऊल.

शनिवारी नववी फेरी आली तेव्हा यक्षांचा शेवटचा गडी उरला होता. भिक्षू मारत होती. वाट्या उघडल्या, यक्ष ओळीतून पलीकडे निसटलेला. खांबाला वळसा घालून तिने त्याला गाठलाही असता, तेवढे तिचे पाय लांब आहेत. पण तिच्या चिठ्ठीवर खो होता. ती खुर्चीवरून उठली, टेबलाला फेरी घालून बुटक्याचं पात्र करणाऱ्या मुलीच्या मागे गेली, पाठीवर थाप मारली आणि ओरडली. आमचा बुटका सगळ्यांत हळू, चाल २५ फूट. त्याला खेळवणारी मुलगी तीन वर्षांत एकदाही कुणाचं बोलणं तोडून बोललेली नाही. ती ताडकन उभी राहिली. खुर्ची मागे पडली. पहिला फासा चार. दुसरा सतरा.

तुमचा लेक त्या वेळी बसलेल्यांत होता. पूर्ण डावात त्याला एकच खो मिळाला, पण नऊ फेऱ्या त्याने फोन खिशातून काढला नाही. निघताना मला म्हणाला, "आई मैदानात कशी दिसत असेल?" मी त्याला सांगितलं, तूच विचार.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या मुलांनी-मुलींनी दोन्ही जिंकले, तेव्हा अंतिम सामने तुम्ही उभ्यानेच पाहिलेत, असं तो सांगत होता. आमचं टेबल लहान आहे, पण तिथेही आता कुणी बसून राहत नाही.

यक्षांचा मारण्याचा डाव अजून व्हायचाय. येत्या शनिवारी सात वाजता पंच म्हणून याल का? चमचे माझ्याकडचे वापरू. तुमचे आठही धुऊन, पुसून लेकाबरोबर पाठवतोय.

तुमचा,
शनिवारच्या टेबलावरचा गोष्ट सांगणारा