निवारा केंद्रातील स्वयंसेवकांसाठी सूचना : खोकला आणि खरूज

मंडळी, थंडी वाढली की मुक्कामाला येणारे वाढतात आणि खिडक्या बंद होतात. क्षयरोग हवेतून पसरतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या रात्रभर थोड्या उघड्या ठेवाच. कुरकुर होईल, जादा पांघरूण द्या.

रजिस्टरमध्ये नाव लिहितानाच खोकल्याची विचारपूस करा. दोन आठवडे किंवा जास्त खोकला असेल, रात्री घाम येत असेल, वजन घटलं असेल तर मास्क द्या, खिडकीजवळ जागा द्या आणि सकाळी सोबत जाऊन सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. नुसती चिठ्ठी देऊन कुणी जात नाही. तपासणी, औषधं मोफत आहेत. उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेतून महिना १,००० रुपये मिळतात, पण ते बँक खात्यात जमा होतात आणि आपल्याकडच्या अनेकांचं तिथेच अडतं. खातं उघडायला मदत आपणच करायची.

खोकतो म्हणून कुणालाही दारातून परत पाठवू नका. फुटपाथवर गेलेला माणूस पुन्हा सापडत नाही.

खरजेचं मलम एकट्याला लावून भागत नाही. शेजारी झोपणाऱ्यांनाही त्याच दिवशी, डॉक्टरांना विचारून. चादरी, कपडे गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत घट्ट बांधून ठेवा.