चप्पल, सिनेमा आणि तुझा सीनियर

चि. मुक्ता,

तुझा मेसेज वाचला. तुझा सीनियर वकील म्हणतोय वकिलीत एकच विषय धर, टॅक्स नाहीतर आर्बिट्रेशन म्हणजे लवादाची कामं, बाकी वाचन म्हणजे टाइमपास. आणि वर तू लिहिलंयस, बाबा, सगळं वाचायचा हा रोग तुमच्याकडूनच आलाय. ते खरंच आहे म्हणा, आपल्या कपाटात सिव्हिल प्रोसिजर कोडच्या शेजारी कंपन्यांचे ॲन्युअल रिपोर्ट आणि त्याच्या खाली सिनेमाची जुनी मासिकं, तुझी आई म्हणते हे प्रोफेसरचं कपाट की रद्दीचं दुकान.

सीनियरला मी वाईट म्हणत नाही, फी कशी वसूल करायची ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण त्या चपलेचं बघ की. 2025 च्या जूनमध्ये प्रादा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये मॉडेलांच्या पायात घातल्या त्या सरळसरळ कोल्हापुरी, नाव मात्र दिलं 'लेदर सँडल'. इकडे बोंबाबोंब झाली तेव्हा भारतीय कारागिरीवरून घेतलंय म्हणून कबूल केलं. कोल्हापुरीला 2019 साली जीआय, म्हणजे मालाच्या गावाशी जोडलेल्या नावाचं सरकारी रजिस्ट्रेशन, मिळालाय, तोही एकट्या कोल्हापूरला नाही, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, त्यात आपला बेळगाव आहेच. गंमत बघ, सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात 2004 पासून पडून आहे आणि चपलेवर मात्र दोन्ही राज्यांची चामड्याची महामंडळं, महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर, एकाच रजिस्टरात मालक म्हणून बसलीत!

काही वकिलांनी प्रादाविरुद्ध मुंबई हायकोर्टात जनहित याचिका टाकली, जुलैत ती फेटाळली गेली. कोर्टानं विचारलं, तुम्ही कोण? ज्याचं रजिस्ट्रेशन त्यानं यावं. आता नुसता जीआय ॲक्ट पाठ असलेला पोरगा सेक्शन 21, म्हणजे रजिस्ट्रेशनवाल्याचे हक्क, सांगून खाली बसेल. पण जीआय राखतो मुख्यतः नाव, आणि प्रादानं तर नाव वापरलंच नव्हतं, शिवाय आपलं रजिस्ट्रेशन इटलीत चालत नाही. मग त्यांना वाकवलं कुणी? लोकांच्या संतापानं आणि ब्रँडची अब्रू जाईल या भीतीनं. डिसेंबरात त्याच कंपनीनं दोन्ही महामंडळांशी करार केला. हे समजायला फॅशनचा धंदा कळायला लागतो, अथणीत बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कसं कमावतात तेही बघायला लागतं, आणि इन्स्टाग्रामवर लोक का चिडतात तेपण. ॲक्टमध्ये यातलं काय लिहिलंय?

सिनेमाचंही तसंच. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स, 1978, तुला पाठ असणार, कल्पनेला कॉपीराइट नाही, मांडणीला आहे. पण त्या केसमधलं 'हम हिंदुस्तानी' नाटक कशावर होतं ठाऊक आहे का? पंजाबी घर, मद्रासी घर आणि प्रांतवाद. ज्याच्यावर चोरीचा आरोप होता तो 'न्यू दिल्ली' सिनेमाही त्याच विषयावर. कोर्ट म्हणालं प्रांतवाद हा विषय कुणाच्याही मालकीचा नाही, मांडणी वेगळी आहे. बेळगावात टिळकवाडीत बसून हे वाचताना मला दरवेळी हसू येतंय. वर्गात मी आधी दोन्ही गोष्टी सांगतो, मग विचारतो चोरी झाली का, आणि मागच्या बाकावरची पोरंही मराठी-कन्नड मिसळून भांडायला लागतात. रेशो, म्हणजे निकालातलं तत्त्व, आधी सांगितला की झोपतात.

म्हणून टॅक्स कर, जरूर कर, पैसे मिळतील. पण टॅक्सची केस हातात आली तर क्लायंटचा धंदा आधी समजून घे, त्याच्या गोडाऊनमध्ये जा, माल कसा येतो जातो बघ, अकाउंटंटबरोबर चहा घे. सीनियरला सांगायची गरज नाही, त्याला रिझल्टशी मतलब.

आणि एक काम कर. जीआयच्या रजिस्टरमध्ये अधिकृत वापरकर्त्यांची नावं असतात, कोल्हापुरीच्या यादीत अथणी-निपाणीचे कारागीर किती आहेत आणि व्यापारी किती ते शोधून कळव. मी लोकांना तोंडी विचारूलालोय पण कोण धड सांगत नाही. आणि कुंदा पाठवलाय, रूममेटला दे.

बाबा