किडनीच्या बदल्यात शिक्षेत सूट नको

मा. संपादक,

३ ऑगस्टच्या अवयवदान दिनाला तुमच्या पेपरात वाचकांची पत्रं आली होती, त्यात एकांनी सुचवलंय की जन्मठेपेच्या कैद्यांनी किडनी दिली तर त्यांची दोन-तीन वर्षं माफ करावीत, म्हणजे पेशंट पण वाचेल आणि जेलमधली गर्दी पण कमी होईल. आमच्या घरात डायलिसिस झालंय, आठवड्यातून तीन वेळा मिस्टरांना घेऊन जायचं आणि आल्यावर ते दिवसभर नुसते पडून, त्यामुळे असल्या आयडियेचा मोह का पडतो हे मला कोणी समजावून सांगायला नको. तरी पण माझा याला ठाम विरोध आहे.

पहिली गोष्ट, ही आयडिया काही नवीन नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात २००७ ला १८० दिवस सूट द्यायचा प्रस्ताव आला होता, तो बारगळला. मग २०२३ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समध्ये दोन आमदारांनी बिल आणलं, बोन मॅरो किंवा अवयव द्या आणि कमीत कमी ६० आणि जास्तीत जास्त ३६५ दिवस आधी घरी जा. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही, काळ्या आणि लॅटिनो लोकांना मॅच मिळायला फार थांबावं लागतं हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, पण जेलमध्ये पण त्याच समाजाची माणसं जास्त भरलीत, म्हणजे त्यांच्यातलाच एक आजारी आणि त्यांच्यातलाच एक आत, आणि त्या आतल्याच्या अंगातून काढून बाहेरच्याला द्यायचं. इतका गदारोळ झाला की सूट काढून टाकतो असं बिल आणणाऱ्यांनाच म्हणावं लागलं. शिवाय अमेरिकेतच १९८४ पासून कायदा आहे की अवयवाच्या बदल्यात मोल असलेलं काहीही द्यायचं नाही, आणि जेलबाहेरचं एक वर्ष याच्याइतकं मोलाचं दुसरं काय असतं सांगा.

आता आपल्याकडचं सांगते. मिस्टरांना किडनी दिली त्यांच्या चुलत भावानं. आपल्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात चुलत भाऊ जवळच्या नातेवाईकात धरत नाहीत, म्हणून ऑथोरायझेशन कमिटीपुढं, म्हणजे असल्या दानाला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढं, जावं लागलं. फाइल एवढी जाड, रेशनकार्ड, लग्नातले जुने फोटो, इन्कमचे दाखले, सगळं. भावजींना एकट्याला आत बसवून, कॅमेरा चालू ठेवून विचारलं, तुम्हाला पैसे मिळणार आहेत का, जमीन-बिमीन नावावर करून देणार आहेत का, यांच्या हाताखाली काम करता का, नाही म्हणालात तर घरात कोण काय बोलेल. मग त्यांच्या बायकोला वेगळं बोलावलं आणि पुन्हा तेच. बाहेर बाकड्यावर बसून मला तेव्हा संताप आला होता, घरातला माणूस घरातल्या माणसाला देतोय तर एवढी उलटतपासणी कशाला, पण किडनीचा धंदा या देशात किती चाललाय, चेन्नईतल्या विल्लिवाक्कमला लोक किडनीवाक्कम म्हणायला लागले होते, हे बघितलं की ती उलटतपासणी बरोबरच वाटते.

त्याच खुर्चीत आता कैद्याला बसवा. तुम्हाला काही मिळणार आहे का? तर हो, सरकारनंच लेखी दिलंय. नाही म्हणालात तर कोण नाराज होईल? तर ज्यांच्या हातात माझी फर्लो-पॅरोलची तात्पुरती सुट्टी, घरच्यांची भेट, कामाचं वाटप सगळं आहे ते. मग कमिटीनं तपासायचं काय, डोंबल? भावजींना आम्ही दोन गुंठे लिहून दिले असते तर कायद्यानं पाच ते दहा वर्षं आत आणि वर वीस लाख ते एक कोटी दंड. आणि तोच सौदा सरकारनं केला की ती योजना!

आणि जो कैदी नको म्हणेल त्याचं काय, याबद्दल कोणी बोलतच नाही. जन्मठेपेची चौदा वर्षं झाली की सुटकेची फाइल पुढं जाते, तेव्हा शेजारच्या बराकीतल्यानं किडनी दिली आणि यानं नाही दिली, हे फाइलवर कुठं लिहिलेलं नसेल पण सगळ्यांना माहीत असेलच ना.

अमेरिकेतल्याच मिसिसिपीचं एक प्रकरण आहे, ते मला जास्त बोलकं वाटतं. जेमी आणि ग्लॅडिस स्कॉट, दोघी सख्ख्या बहिणी, १९९३ च्या दरोड्यासाठी जन्मठेप, आणि लुटीची रक्कम बचाव पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे अकरा डॉलर. जेमीच्या किडन्या जेलमध्ये गेल्या. २०१० च्या डिसेंबरला गव्हर्नर हेली बार्बरनी दोघींची शिक्षा थांबवली पण ग्लॅडिसला अट घातली की वर्षभरात बहिणीला किडनी द्यायची, आणि जेमीच्या आजारपणाचा सरकारला केवढा खर्च येतोय हे पण त्यांनी उघड सांगितलं. ग्लॅडिस तर आपणहून द्यायला तयार होती! मग अट कशाला? जानेवारी २०११ मध्ये, सोळा वर्षांनी त्या सुटल्या, डॉक्टर म्हणाले आधी वजन कमी करा, वर्षाची मुदत उलटून गेली, किडनी काही दिली गेली नाही आणि कोणी तिला परत आत टाकलं पण नाही. याचा अर्थ सुटका बिनअटीची करता आली असती, फक्त डायलिसिसचं बिल सरकारच्या डोक्यावरून उतरवायचं होतं.

आपल्याकडं तर २०२२ मध्ये आत असलेल्यातले शंभरात पंचाहत्तर अंडरट्रायल होते, एनसीआरबी म्हणजे गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या त्या वर्षीच्या आकड्यात पावणेसहा लाखांच्या आसपास कैदी आणि त्यातले सव्वाचार लाखांच्या वर अजून दोषीच ठरलेले नव्हते. त्यांना शिक्षेतली सूट लागू होणार नाही म्हणाल, पण जामिनाला झाडं लावा, पीएम केअर्सला पैसे भरा असल्या अटी आपल्या कोर्टांनी घातलेल्या आहेत, त्यामुळे उद्या जामिनाला काय अट येईल याचा मी तरी भरवसा देणार नाही.

मेडिकल बाजू पण बघा जरा. किडनी दिलेल्या माणसाला आयुष्यभर बीपी आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ताची टेस्ट) बघत राहावं लागतं, भावजी आजही वेळच्या वेळी टेस्ट करून येतात, पेनकिलर मनानं घेत नाहीत. क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबलेल्या जेलमध्ये हे कोण बघणार? आणि सुटायची घाई असलेला माणूस पूर्वी कावीळ झालेली, नशेच्या सुया टोचून घेतलेल्या हे सांगेल का, तर तो लपवणार आणि भोगणार घेणारा पेशंट.

कैद्यानं अवयव देऊच नये असं मी म्हणत नाही हं. त्याची आई, बहीण, पोरगा आजारी असेल तर त्याला देता आलं पाहिजे, अमेरिकेतल्या फेडरल जेलमध्ये घरच्यांना देता येतं, केरळनं पण २०१८ मध्ये जवळच्या नातेवाईकांना द्यायची मुभा दिली. तसा स्वच्छ नियम महाराष्ट्र सरकारनं करावा, ऑपरेशननंतर बरं होईपर्यंत त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवायची आणि पुढच्या तपासण्यांची लेखी जबाबदारी जेलची, आणि बदल्यात एका दिवसाचीही सूट नाही, हे त्याच नियमात छापून टाकावं.

— एक वाचक, सातारा