मंत्री महोदय, काढलेले बिल्ले आधी शोधा

मा. मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

वनस्पती उद्यानात झाडांच्या नावांच्या नव्या पाट्या लावण्याआधी आम्हा उद्यानमित्रांसोबत नावांची यादी तपासू, असा शब्द आपण पावसाळ्यापूर्वी दिला होता. गेल्या आठवड्यात पाट्या लागल्या. यादी कुणी दाखवली नाही.

तळ्याकाठच्या उंच, सरळसोट झाडावर ‘सीता अशोक’ लिहिलंय. तो आसुपालव आहे, खोटा अशोक. त्याचं पान साधं, कडांना लाटा असलेलं. सीता अशोकाचं पान संयुक्त, झाड बुटकं आणि डेरेदार, केशरी फुलांचे गुच्छ जुन्या फांद्यांवर येतात. बाजारात अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळतात, आणि आयुर्वेदाचे विद्यार्थी दोन्हींतला फरक शिकायला याच बागेत येतात. त्यांनी आता काय शिकायचं?

पाट्या ठोकल्यात लोखंडी खिळ्यांनी. खिळा गंजतो, जखमेतून बुरशी शिरते, खोड जाड होत जातं तशी पाटी आत गिळली जाते. घट्ट तार तर त्याहून वाईट, साल दबून पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जायचं थांबतं. ॲल्युमिनियमची पाटी, स्टेनलेस स्टीलची तार आणि तारेला स्प्रिंग, एवढंच लागतं. खोड वाढलं की स्प्रिंग ताणते. वर्षातून एकदा बघून सैल करायची.

पण सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. झाडांवरचे जुने क्रमांकाचे बिल्ले उपटून टाकलेत! बी कुठून आलं, कुणी गोळा केलं, रोप कधी लावलं, हे नोंदवहीत त्या क्रमांकावरूनच सापडतं. किती रविवार घालवून आम्ही ते क्रमांक झाडाझाडाशी पडताळले होते. आज आम्हालाच गेटवर परवानगीचं पत्र मागतात.

निविदेत पाटीचा दर नगावर असतो. नाव बरोबर आहे का, हे बघायला कुणी नेमलेलं नसतं. रस्ते, शाळा, तळी, सगळीकडे हेच चाललंय. काम ठेकेदाराचं, सही अधिकाऱ्याची, आणि ज्यांचा तिथे रोजचा वावर त्यांना विचारायचंच नाही.

केपटाउनचं कर्स्टनबॉश उद्यान १९१३ साली सुरू झालं आणि त्याच वर्षी त्याच्या पाठीशी लोकांची बोटॅनिकल सोसायटी उभी राहिली. तिचे सभासद आजही वर्गणी भरतात. आपली राणीची बाग १८६२ची. पुनर्विकासाचा आराखडा आला तेव्हा तिथल्या जुन्या झाडांसाठी मुंबईकरच झगडले. अशा लोकांना नुसतं तिकीट काढणारे प्रेक्षक का समजता?

खिळे हळू उपसायला सांगा. भोकांत सिमेंट भरू देऊ नका, झाड ती जखम स्वतः बुजवतं. नोंदवही आणि लागवडीचा जुना नकाशा आम्हाला बघू द्या. दोन पक्क्या खुणांपासून टेपने अंतर मोजलं की बरेचसे क्रमांक परत जागेवर बसवता येतील. ते आम्ही करू, फुकट करू, पण लेखी परवानगी एकदाच आणि वर्षभराची द्या.

आणि काढलेले बिल्ले कुठे टाकलेत, एवढं आजच विचारून घ्या. भंगाराची गाडी उद्यानात दर आठवड्याला येते.

आपले,
उद्यानमित्र