मेगापिक्सेलचा रकाना आणि आमची पांढरी मांजर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

नवा डिजिटल कॅमेरा घेणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत जो तक्ता आला होता, त्याचं कात्रण मी काढून ठेवलं आहे. भांडायला उपयोगी पडेल म्हणून! कॅमेऱ्यांचे नंबर लावलेत ते निव्वळ मेगापिक्सेलवरून, म्हणजे फोटोत किती ठिपके यावरून (दहा लाख ठिपक्यांचा एक मेगापिक्सेल). सोबतीला झूम किती पट आणि रंग कोणकोणते.

छापखान्यात फोटोंची प्रुफं तपासण्यात माझी उभी नोकरी गेली. भिंगाखाली ठिपके बघायचं काम, त्यामुळे हा हिशेब तोंडपाठ आहे. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. ४ बाय ६ इंचांच्या फोटोला १२०० गुणिले १८०० ठिपके लागतात, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या जरा वर. ८ बाय १२ ला साडेआठ-पावणेनऊ. त्याहून मोठा फोटो घरात कितीजण लावतात? शिवाय १२ चे २४ मेगापिक्सेल झाले तर फोटोची लांबी-रुंदी दीडपटही होत नाही. लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट हवी असेल तर ठिपके चौपट, म्हणजे ४८ लागतात. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्यात १०० बाय १०० एवढेच ठिपके होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तेव्हा आकड्यामागे धावणं समजण्यासारखं होतं.

एवढं कळत असूनही मी एकदा फसलेच. २० मेगापिक्सेल, ३० पट झूम आणि वर खिशात मावणारा! उन्हात फोटो झकास यायचे. मग नातीच्या शाळेचं नाटक आलं. शेवटच्या रांगेतून झूम करून पंचवीसेक फोटो काढले आणि घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले, तर पोरीचे केस पिंजलेल्या कापसासारखे, पापण्या तर गायबच. माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात कारण सापडलं: सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी पट्टी, १/२.३ इंच. प्रत्यक्षात असला सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो, करंगळीच्या नखाहून लहान. फुल फ्रेमचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, सेन्सर ३६ बाय २४, क्षेत्रफळाने तीसपट. त्या नखाएवढ्या जागेत दोन कोटी ठिपके कोंबले की एकेकाच्या वाट्याला उजेड तो किती येणार? अंधारात कॅमेरा तो तुटपुंजा सिग्नल फुगवतो, त्याबरोबर नॉइजही, म्हणजे फोटोतला रवाळपणाही, फुगतो, आणि तो लपवायला कॅमेरा आतल्या आत इस्त्री फिरवतो. पापण्या त्या इस्त्रीखाली गेल्या. (‘एक इंची’ सेन्सरही इंचभर नसतो बरं का, रुंदी १३.२ मिलिमीटरच. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळीचा बाहेरचा व्यास धरून नावं देण्याची ही पद्धत पडली, ती चालूच आहे.)

झूमचंही तेच. लेन्सवर ३.५-६.३ असं लिहिलेलं असेल (हा एफ आकडा, तो जितका मोठा तितका उजेड कमी) तर झूमच्या लांबच्या टोकाला उजेड जवळच्या टोकाच्या एक तृतीयांशाहून कमी येतो. तेवढ्याने शटर रेंगाळतं, हात हलतो आणि पोरगीही हलते. डिजिटल झूमबद्दल तर बोलायलाच नको, ती नुसती कातरी आहे.

पण फोटो बिघडतो तो दर वेळी कॅमेऱ्यामुळे नाही. आमच्याकडे एक पांढरीशुभ्र मांजर आहे. खिडकीशी पांढऱ्या चादरीवर झोपली होती, मिशांवर ऊन. फोटो काढला तर राखेत लोळून आल्यासारखी! कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला मांजर कळत नाही, चादर कळत नाही. समोर जे असेल ते सरासरी मध्यम करडं असणार, असं धरून तो उजेड ठरवतो. त्यामुळे पांढरं मळकट होतं आणि काळं उगाच उजळतं. अधिक-उणे अशी खूण असलेलं बटण दाबून चाक +१ वर नेलं, म्हणजे उजेड दुप्पट केला, आणि मांजर पुन्हा पांढरी झाली. बाई तोवर उठून बसल्या होत्या, ती गोष्ट वेगळी. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळा पडतो, तिथेही अधिक करायचं. काळी मांजर काळ्या सोफ्यावर असेल तर उणे. बऱ्याच मोबाइलमध्येही पडद्यावर बोट टेकवलं की शेजारी सूर्याची खूण येते, ती सरकवली की हेच काम होतं. कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं कॅमेरा वापरूनही या बटणाला हात लावलेला नसतो.

तेव्हा पुढचा तक्ता कराल त्यात एवढे रकाने घाला: सेन्सरची रुंदी मिलिमीटरमध्ये, झूमच्या दोन्ही टोकांना लेन्सचा एफ आकडा, अधिक-उणेला स्वतंत्र चाक आहे की मेनूत चार पायऱ्या उतराव्या लागतात, आणि डोळ्याला लावून बघायची खिडकी आहे का. भर उन्हात मागच्या पडद्यावर आपलंच तोंड दिसतं म्हणून हा शेवटचा रकाना. मेगापिक्सेलही हवे तर राहू देत, अगदी उजव्या टोकाला, रंगांच्या शेजारी.

कात्रण तोवर जपून ठेवते.

आपली,
एक जुनी वाचक