खिळा आणि देवकण

संपादक साहेब, नमस्कार,

विज्ञानाचं पान मी दर आठवड्याला वाचतो पण फिजिक्स म्हटलं की तुमच्याकडे एकतर ब्लॅकहोल नाहीतर देवकण, तिसरं काही येतच नाही. (आणि देवकण म्हणणं आता सोडा राव, हिग्ज बोसॉन म्हटलं तरी कळतं लोकांना.)

मी शाळेत सायन्स शिकवायचो, रिटायर झालो. पोरांना एक गंमत दाखवायचो, लोखंडी खिळा तारेला टांगायचा, बाजूला चुंबक धरायचं, खिळा तिकडे ओढला जाऊन तिरका लटकतो, मग बर्नरने तापवायचा, लालभडक झाला की चुंबकाला ओळखच देत नाही, धपकन सरळ खाली, थोडा गार झाला की परत चिकटायला हजर! लोखंडासाठी हे तापमान साधारण 770 अंश.

आता पुढची गंमत बघा, काही साध्या चुंबकांचं चुंबकत्व अशा तापमानाजवळ कसं कमी होत जातं त्याचा हिशोब आणि 31 अंशाजवळ दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडचा हिशोब, जिथे द्रव आणि वायूतला फरकच पुसला जातो, तो फरक कसा कमी होत जातो त्याचा, दोन्हीकडे आकडे तेच येतात. कुठे चुंबक, कुठे सोड्यातला गॅस! असं का होतं हे सांगितल्याबद्दल भौतिकशास्त्रज्ञ केनेथ विल्सनना 1982 चं नोबेल मिळालं. यातलं आयसिंगचं मॉडेल, म्हणजे चुंबकाचं सोपं गणिती रूप, जाळीवर बसलेले छोटे चुंबक, प्रत्येक एकतर वर नाहीतर खाली, ते सपाट जाळीसाठी ऑनसागर या शास्त्रज्ञाने 1944 मध्ये सोडवलं, पण तीन मितींमध्ये त्याचं नेमकं उत्तर अजून कोणालाच सापडलेलं नाही.

यावर एखादा रविवार द्या की. खिळ्याचा फोटो मी पाठवतो.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा