वही हातात घेण्याआधी हात पुसणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

त्या दिवशी हँगरमध्ये माझ्या विमानाचा दोष शोधून दिलात, पण तुमचे धड आभारही मानता आले नाहीत. घसा दाटून आला होता. म्हणून आज चारचौघांसमोर लिहितोय.

आठ महिने मी एकच गाऱ्हाणं घेऊन फिरत होतो. माझं छोटं विमान सेस्ना १७२, इंधनाचा सिलेक्टर ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही पंखांतल्या टाक्यांतून इंधन घेण्यावर, तरी डावी टाकी भराभर रिकामी व्हायची आणि उजवी जवळपास जशीच्या तशी. दोन तासांच्या एका उड्डाणात डावीकडचं ५५ लिटर गेलं, उजवीकडचं फक्त १३. बेचाळीस लिटरचा फरक म्हणजे सुमारे ३० किलो जास्तीचं वजन एका पंखात! उजवा पंख खाली ओढला जायचा आणि मी योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, डावीकडे धरून बसायचो. शेजारी मुलगी बसलेली असली की नजर सारखी इंधनाच्या काट्यावर.

तुमच्याआधी तिघांना दाखवलं. एक म्हणाला, ‘ही विमानं अशीच असतात.’ दुसऱ्याने काटा बदलायला सांगितलं. आकडे डिपस्टिकचे, म्हणजे टाकीत मोजपट्टी बुडवून घेतलेले आहेत हे त्याने ऐकूनच घेतलं नाही. तिसरा तर ‘तुम्हीच तिरकं उडवत असाल’ म्हणून मोकळा झाला. तिरकं उडवलं तर असा फरक पडतो, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच तर माझ्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे ‘बॉल मध्यावर’, म्हणजे विमान तिरकं नव्हतं, असं लिहिलं होतं. पण ती वही त्या तिघांपैकी एकानेही उघडली नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुमचे हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले होते. मी वही पुढे केली. तुम्ही ‘थांबा’ म्हणालात, फडक्याने एकेक बोट पुसलंत, तळवे उलटसुलट करून पाहिलेत आणि मगच ती हातात घेतलीत. पहिल्या पानापासून वाचलीत. काका, माझं काम तिथेच झालं होतं. दोष नसता सापडला तरी मी हे पत्र लिहिलंच असतं.

मग तुम्ही शिडी लावलीत आणि मलाही वर बोलावलंत. उजव्या टाकीच्या टोपणामागे पंखावर एक फिकट निळी रेघ होती, मागच्या कडेकडे ओढल्यासारखी. मी कितीदा तरी ती पुसून काढली होती! अ‍ॅव्हगॅसला, म्हणजे या विमानाच्या पेट्रोलला, निळा रंग असतो हे माहीत असूनही ती कुठून येते याचा विचार केला नव्हता. टोपणाचं रबर तुम्ही माझ्या बोटांत दिलंत. दगडासारखं कडक, कडेला बारीक चीर.

उड्डाणात पंखाच्या वर हवेचा दाब कमी असतो, तो त्या चिरेतून टाकीत पोचतो आणि इंधनाला जणू वर धरून ठेवतो, हे तुम्ही पंखावर बोटाने रेघा मारत समजावलंत. या विमानात इंधन आपल्या वजनानेच खाली येतं, म्हणून दोन टाक्यांतल्या दाबातला एवढासा फरकही पुरतो. स्ट्रटमागची, म्हणजे पंखाला आधार देणाऱ्या दांड्यामागची, व्हेंटची नळी (टाकीत हवा येऊ देणारी) वाकलेली नाही ना, तिच्यात किड्याने घर केलेलं नाही ना, हेही तुम्ही बघितलंत. आणि ‘थोडा फरक राहणारच, तो नाहीसा करतो असं मी म्हणणार नाही,’ हे आधीच बजावलंत. हा खरेपणा मला फार मोठा वाटला.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात. पण समोरचा आठ महिने टिपून ठेवतोय म्हणजे काहीतरी असेल, एवढा विश्वास अनोळखी माणसावर टाकायला मन मोठं लागतं. मागचे तिघे तुमच्याइतकेच शिकलेले असतील. त्यांनी वही उघडली असती तर माझे आठ महिने वाचले असते.

तुमच्या दुरुस्तीनंतरची, परवाची नोंद तुमच्यासाठी उतरवतो: दोन तास वीस मिनिटं, बॉल मध्यावर, डावीकडचं ४१ लिटर, उजवीकडचं ३८. परतताना योक मुलीने धरलं होतं, दोन बोटांनी.

तुमचा ऋणी,
निळी रेघ पुसत राहिलेला वैमानिक